बघतो

घड्याळजी कुणालाच 'उद्या या' म्हणत नसे. गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली तरी घड्याळाच्या पोटात डोकावत तो एवढंच म्हणे, "बघतो." पंचशील घेतल्यापासून खोटं न बोलणं त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दुकानातही बघतो, घरातही बघतो. त्याच्या ख्रिस्ती बायकोनं लग्नाआधी विचारलं होतं, सुखात ठेवशील का, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं. तरी तिनं केलं लग्न, म्हणजे बाईची कमालच.

संसार मात्र छान झाला. सकाळी एकाच खोलीत ती गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि तो डोळे मिटून बसायचा. "आता दूध कोण बघणार?" ती म्हणायची, आणि दूध हमखास उतू जायचं. चोरी करू नये, वैऱ्यालाही क्षमा करावी, दुखल्याखुपल्याला जवळ करावं, इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. मेल्यानंतरचा विषय कुणी काढत नसे. तिच्या लेखी पलीकडे देवाचं घर होतं, भेटीगाठी होत्या. त्याच्या लेखी आत्माच नव्हता, मग भेटणार कोण आणि कुणाला?

आता ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. लेक उशी सारखी करत असताना ती नवऱ्याला म्हणाली, "तिकडे भेटशील ना रे मला?"

"बघतो," तो म्हणाला.

सवयीनं निघून गेलं तोंडातून. तिला हसू आलं, हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि चेहरा काळानिळा पडला. ती शांत झाल्यावर लेकीनं बापाला स्वयंपाकघरात नेलं.

"बाबा, एक 'हो' म्हणायला काय जातं तुमचं?"

"खोटं होईल ते. तिच्या दहा आज्ञांतही खोटं बसत नाही."

"आज्ञा राहू द्या. आई घाबरलीय."

पंचशील देणाऱ्या धर्मानंच त्याला करुणाही शिकवली होती. केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारे हात ओट्यावर नुसते पडून होते. त्याला तिला भेटायचं होतं. फार भेटायचं होतं. हवंहवंसं वाटणं हेच दुःखाचं मूळ, हे त्याला तोंडपाठ होतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

संध्याकाळी तो तिच्या उशाशी बसला. घसा खाकरून म्हणाला, "हो. भेटू आपण."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं कसाबसा हात उचलून त्याच्या कानाला लावला. "लाल झालाय," ती म्हणाली. "खोटं कुठे येतं तुला?"

त्यानं मान खाली घातली. शील मोडलं ते मोडलंच, आणि तिच्या पदरात काहीच पडलं नव्हतं.

"असू दे," ती म्हणाली. "मी थांबते तिकडे. नाही जमलं तुला, तरी थांबते."

तिनं डोळे मिटले. त्याच्या समजुतीप्रमाणे तिकडे थांबायला कुणी उरणारच नव्हतं. पण त्याला आता ती एकटीच ताटकळत उभी असलेली दिसायला लागली, आणि थांबू नकोस म्हणायला काही त्याची जीभ उचलेना.