अर्धा फेरा

किमी ०

सकाळी साडेसहाला शिट्टी वाजली आणि एकशे चाळीस सायकली दगडात शिरल्या.

अंतर एक्क्याण्णव किलोमीटर. रस्ता म्हणावा असं त्यात फारसं काही नव्हतं. सत्तराव्या किलोमीटरला एक तंबू होता. दुपारी दोनच्या आत तिथे पोहोचायचं, नाहीतर गाडी येऊन माणसाला सायकलीसकट उचलून नेणार. बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. स्पर्धकानं स्पर्धकाला केली तर चालते.

ताई मधल्या घोळक्यात होती. वय एक्केचाळीस. तिच्या पुढे चार सायकली सोडून तिचा दादा, वय सत्तेचाळीस, पाठीवर आपल्या सायकलींच्या दुकानाचं नाव छापलेला नवाकोरा शर्ट घालून. इथे त्याला दादा कुणीच म्हणत नव्हतं. सगळ्यांचा तो उस्ताद. चाकांचा उस्ताद.

ताईला राग तेव्हाच आलेला होता. पुढे तो वाढतच जातो. कमी होईल अशी आशा कुणी ठेवू नये.

किमी उणे तीन आठवडे

दुकानात पुढे काउंटर आणि काचेच्या कपाटात हेल्मेटं. मागे एक खोली. खोलीत एक खिडकी, एक स्टूल, चाक फिरवून बघायचा लोखंडी स्टँड आणि ताई. अठरा वर्षं.

मधला हब घ्यायचा, कडेची रिम घ्यायची, दोन्हींमध्ये बत्तीस स्पोक एकेक करून गुंफायचे. मग स्पोकच्या टोकाचे बारके नट, म्हणजे निपल, पान्यानं पिळत पिळत चाकाचा आउट काढायचा, म्हणजे ते डावीकडे-उजवीकडे न डुलता सरळ फिरलं पाहिजे. ताण बरोबर बसलाय की नाही हे ताईला कान सांगतो. नखानं स्पोक छेडायचा. एका बाजूचे सगळे एका सुरात बोलले की चाक झालं. झालं की दादा पुढून येऊन त्यावर स्टिकर लावायचा: उस्तादांचं चाक.

दादाला चाक बांधता येत नाही असं नाही. पण त्याचं आयुष्यात एकच तत्त्व आहे, घट्ट म्हणजे मजबूत. मग तो नट असो, झाकण असो की चाक. घरातली एकही बाटली वहिनीला पक्कड घेतल्याशिवाय उघडता येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी या शर्यतीची आयोजक बाई दुकानात आली. डोंगरात सायकल-सहली नेणारी तिची संस्था. तिला स्वतःच्या वर्कशॉपसाठी चाकांचा मुख्य कारागीर हवा होता.

"ही चाकं बांधतं कोण?" तिनं विचारलं.

ताई मागच्या दारात उभी होती, हातात रिम. तिनं तोंड उघडलं.

"मीच," दादा म्हणाला. "ही असते मदतीला. चिमे, बाईंना पाणी दे."

तिनं पाणी दिलं. तो काय बोलला यापेक्षा हेच तिला जास्त झोंबलं. तिनं पाणी दिलं!

"मग या शर्यतीला," बाई म्हणाली. "आमच्या दगडात चाकं टिकली की बोलू. सत्तरच्या तंबूत मी स्वतः बसते. प्रत्येक चाक बघते."

बाई गेल्यावर ताई म्हणाली, "मीपण येणार."

"कुठे?"

"शर्यतीला. आणि तंबूत बाईंना सांगणार, कोण बांधतं ते. ते काम मला हवंय."

दादा हसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "ये की. एक्क्याण्णव किलोमीटर आहे हं, कोपऱ्यावर जाऊन यायचं नाहीये. आणि सांग खुशाल. दुकान नावावर चालतं, चिमे. नाव एकाचंच असतं."

किमी ११

"उस्तादांच्या बहीण ना तुम्ही?"

बाजूला आलेला माणूस दातांचा डॉक्टर होता, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. चढणीवर धापा टाकतानाही त्याची टकळी चालू. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्यानंच बोलायची सवय, दुसरं काय.

"माझी दोन्ही चाकं उस्तादांची. चार वर्षं झाली. आउट नाही, आवाज नाही! काय हात आहे हो त्या माणसाचा!"

"हो का?"

"देणगी असते ती. तुम्ही रोज बघता, तुम्हाला किंमत नसेल."

ताईला ती चाकं आठवत होती. मागच्या चाकात एक निपल हटून बसला होता. त्याच्यापायी ती दीड तास उशिरा जेवायला गेली आणि आई म्हणाली होती, काय करत असतेस गं त्या खोलीत दिवसभर?

"सावकाश या डॉक्टर," ताई म्हणाली. "जीभ चावली जाईल." आणि पुढे गेली.

किमी २६

मुठीएवढे दगड, चाकाखालून सटकणारे. उशीएवढे, सटकत नाहीत, चाकच अडवतात. उभे रुतलेले, धारेचे. आणि एक जात अशी की दगड वाटतच नाही, सावली वाटते, आणि त्यावर पेडल आपटलं की डोळ्यापुढे काजवे.

उतारावर सीटवर बसायचं नाही. कोपरं सैल, गुडघे सैल, नजर दहा हात पुढे. ताई हे सगळं करत होती. जबडा तेवढा सैल सुटत नव्हता.

किमी ३८

घस्. घस्. घस्.

मागचं टायर फ्रेमला घासत होतं. ताई उतरली, सायकल उलटी केली, चाक फिरवलं. बोटभर आउट. तिचं चाक? अडतीस किलोमीटरमध्ये?

तिनं स्पोक छेडला.

सूर चढा होता. शेजारचा छेडला, चढा. पुढच्या चाकाचा, तोही चढा. एखादा सैल झाला असता तर समजू शकलं असतं. इथे सगळेच्या सगळे वर गेले होते, आपापल्या जागेवरून सारखेच वर. दगडाचं हे काम नव्हे. कुणीतरी पाना घेऊन बसलं होतं आणि प्रत्येक निपलला अर्धा अर्धा फेरा दिला होता.

घट्ट म्हणजे मजबूत.

काल संध्याकाळी मुक्कामावर दोघांच्या सायकली दादाच्या खोलीत होत्या. आज सकाळी त्यानं तिची सायकल स्वतः खाली आणून ठेवली होती, पुसून. अठरा वर्षांत पहिल्यांदा. ताईला इतकं बरं वाटलं की निघण्याआधी स्पोक छेडून बघायची रोजची सवय ती आज विसरली. पुसलेल्या सायकलीला भुलली!

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती तिथेच न थांबता हेल्मेटच्या भोकांमधून बाहेर पडत होती. एवढ्या ताणावर चाक आणखी दहा किलोमीटर गेलं असतं, मग एका आडव्या धक्क्यात पिळवटून त्याचा आकडा आठ झाला असता.

ती दगडावर बसली आणि खिशातून पाना काढला.

एक. अर्धा फेरा मागे.

दोन. मागे.

तीन. खोलीत पंखा मागितला तेव्हा म्हणाला, वाऱ्यानं चाक हलतं.

चार, पाच, सहा.

सात. ते स्टिकर तिनंच छापखान्यातून आणले होते. हजार. शुद्धलेखन तपासून.

आठ. मागे.

बारा. "ही असते मदतीला."

सतरा. पाणी.

अठरा. पाणी.

एकोणीस. दिलं.

चोवीस. डॉक्टर मागून आला. "अरेरे! उस्ताद फार पुढे नाहीत, गाठून सांगू का त्यांना? दोन मिनिटांत करतील!"

पंचवीस. तिनं डॉक्टरला पान्यानंच पुढे जायची खूण केली.

बत्तीस. फ्रेमला अंगठ्याचं नख टेकवून चाक फिरवलं, उरलेला आउट काढला, छेडलं. आता कसं नीट बोलत होतं.

मग पुढचं चाक, पुन्हा एकपासून. त्यातले राग लिहीत नाही. तेच होते, फक्त आवाज चढलेला.

वीस मिनिटं गेली.

किमी ४४

चढण. शिव्या. चढण.

किमी ५७

वळणावर दोन माणसं आणि एक उलटी सायकल. डॉक्टर उभा, दादा बसलेला. दादाच्या मागच्या चाकाचा आठ झाला होता, इतका सुबक की गणिताच्या वहीत शोभला असता. साडेबारा वाजले होते.

"आली, आली!" दादा उठला. नव्या शर्टाची एक बाही फाटली होती. "चिमे, बघ गं जरा. एकदम बसलं बघ. दगडच तसा होता."

"दगड?"

दादा जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काल थोडं कसलं होतं. अर्धा फेरा. तुझ्याही चाकांना दिला, म्हटलं तूही सेफ राहशील. तुझं टिकलं ना? बघ, म्हणजे कसण्यात चूक नव्हती."

"माझं मी परत सैल केलं. अडतिसाव्याला. चौसष्टच्या चौसष्ट."

ताईनं चाकाकडे पाहिलं. वाचण्यासारखं होतं. सगळं ढिलं करायचं, रिमवर उभं राहून ती मूळ आकारात दाबायची, मग पुन्हा ताण द्यायचा. तिला अर्धा तास, आणि तंबू दोघांच्याही हातचा गेला असता. किंवा वीस मिनिटं, घाई केली तर, आणि दोघंही कदाचित पोहोचले असते. तंबूत बाई वाकून पाहणार, उस्तादांची दोन्ही चाकं टिकली म्हणणार आणि कारागीर ठरणार. ताईच्या डोळ्यांसमोर तिचे स्वतःचेच हात हे सगळं करताना दिसले. तिला त्या हातांचाही राग आला.

"करते," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांना सांग."

"काय सांगू?"

"त्यांची चाकं कोणी बांधली ते."

"अगं, हे काय आत्ता!"

"आत्ताच."

दादानं डॉक्टरकडे बघून हसून घेतलं. "घरातल्या गोष्टी आहेत हो आमच्या. दमलीय ती."

"साहजिक आहे," डॉक्टर म्हणाला. "साखरेची गोळी देऊ का?"

"दादा," ताई म्हणाली. "एक वाक्य."

दादा अगदी जवळ आला. घामाचा वास, ग्रीसचा वास. अगदी हळू म्हणाला, "मला इतकं वाकलेलं नाही सरळ करता येत. तुला माहितीये."

"मोठ्यानं."

"चिमे, लाज काढू नकोस."

"मोठ्यानं म्हण, मी लगेच खाली बसते."

त्याची नजर डॉक्टरवरून फाटलेल्या बाहीवर गेली, तिथून चाकावर. तिच्याकडे वळली नाही. अठरा वर्षं ती ज्या दारात उभी राहायची, त्या दाराकडेही तो असाच बघायचा नाही.

ताईनं खिशातून पाना काढला, त्याच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली. घट्ट.

"तूच बांधतोस ना चाकं? बांध."

"अगं, पाना दिलास तर तू काय करशील? पुढे चौतीस किलोमीटर..."

"माझी चाकं मी बांधलीत."

ती सीटवर चढली. मागून डॉक्टरचा आवाज आला, शाळेत प्रयोग बघायला बसलेल्या मुलासारखा आनंदी. "अरे वा! उस्ताद, मी थांबतोच. हे प्रत्यक्ष बघायला मिळणं म्हणजे नशीब!"

किमी ६३

पाना नाही. आता एक जरी स्पोक गेला तर

किमी ६६

नाही गेला. पण रडू आलं, आणि त्याचाही राग आला. हँडल सोडून डोळे पुसता येत नाहीत.

किमी ७०

एक वाजून छत्तीस मिनिटं.

तंबूत आयोजक बाई गुडघ्यावर बसून चाकं बघत होती. ताईचं मागचं चाक तिनं फिरवलं. सरळ. पुन्हा फिरवलं. मग रिमवरची माती अंगठ्यानं पुसली, आणि खालून स्टिकर निघाला. तोही दादानं काल संध्याकाळीच लावला असणार.

"उस्तादांचं चाक," बाईनं वाचलं. "टिकलं की."

"उस्तादांचं सत्तावन्नला मोडून पडलंय. हे माझं आहे. तेही माझंच होतं, काल त्यांनी हात लावेपर्यंत. दुकानातली सगळी माझीच आहेत, अठरा वर्षं."

बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "त्या दिवशी नाही बोललात."

"त्या दिवशी पाणी दिलं."

"आज मोडलेलं चाक तुमच्या भावाचं, टिकलेलं तुमचं. तुम्ही हे म्हणणारच. मी विश्वास कसा ठेवू?"

चांगला प्रश्न होता. ताईला या बाईचाही राग आला, पण जरा वेगळा. निदान तिनं विचारलं तरी.

"ठेवू नका. शेवटच्या रेषेवर उभ्या राहा. चाकं तिथे काढून देते, सगळे स्पोक छेडून बघा. मग एक रिकामा हब द्या, रिम द्या, मोजून बत्तीस स्पोक द्या आणि समोर बसा. माझ्या भावालाही तेच द्या, दोघांच्याही समोर बसा."

"आणि भाऊ? मागून येतायत ना?"

"चाक बांधतोय," ताई म्हणाली.

बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. ताईनं ती घटाघटा संपवली, रिकामी परत दिली, आभार मानले नाहीत. मग वाकून नखानं स्टिकर ओरबाडला. अर्धाच निघाला. उरलेला घासत बसायला वेळ नव्हता, पुढे एकवीस किलोमीटर दगड होते.