पेरूवरच्या पिशव्या

निवृत्त ग्रंथपाल आजोबांनी परसातल्या झाडाच्या एकूण एक पेरूवर कागदी पिशवी बांधली, फळमाशीने त्यात अंडी घालू नयेत म्हणून. धाकटा भाऊ हसला. "दादा, रविवारी पाच पेरू कापू. एकही बिनअळीचा निघाला नाही, तर मी औषध फवारणार."

आजोबांचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी ते स्टुलावर चढून गाठी सोडत, आत डोकावत आणि पुन्हा बांधत.

"अहो, पेरू आहे तो, आजारी माणूस नव्हे," आजी म्हणायची. "सारखी विचारपूस कशाला?"

"खात्री केलेली बरी."

रविवारी चार पेरू कापले, चारही किडके. भाऊ पंप घेऊन उठलाच. तेवढ्यात आजीने पाचवा कापला. आत अळीचं नावही नव्हतं.

"हाच कसा वाचला?" आजोबांनी हळूच विचारलं.

"त्याची पिशवी मी सुईदोऱ्याने शिवली होती. बाकीच्यांचं दार तुम्ही उघडायचात आणि माशी आत जायची." मग ती दिराकडे वळली. "भाऊजी, पंप राहू द्या. जाताना ते स्टूल तेवढं घेऊन जा."