खोडलेली ओळ

कोटेशनमधली पाचवी ओळ त्याने निळ्या पेनने आडवी खोडली, शेजारी सही ठोकली आणि कागद फिरवून वडिलांसमोर सरकवला. अकरा वर्षं तो या शोरूममध्ये गाड्या विकत होता, पण एवढ्या तोऱ्यात त्याने आजवर काही खोडलं नव्हतं.

"हे तुम्हाला नाही, बाबा," तो म्हणाला. "घरच्या माणसाकडून कोण घेतं?"

वडिलांनी चष्मा लावला. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून त्यांची मान कायमची पुढे आली होती, त्यामुळे ते नुसतं बघत असले तरी काहीतरी शोधताहेत असं वाटे. त्यांच्या दुकानातून उरलेलं कापड, अगदी वीतभर असलं तरी, गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती परत जाई. आईला या सचोटीचं कौतुक कमी आणि वैताग जास्त. आता तिचे गुडघे तिला धड चालू देत नव्हते, म्हणून या वयात त्यांनी छोटी गाडी घ्यायचं मनावर घेतलं होतं. चालवणार सून, पैसे मात्र माझेच, हा हट्ट.

मुलाला वेगळीच हौस होती. शिवणकाम सोडून तो टाय लावून विक्रीला लागला, ते वडिलांना कधीच रुचलं नव्हतं. 'नुसत्या बोलण्याचे पैसे घेतोस,' असं ते एकदा म्हणाले होते आणि ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं. आज आपल्याला या खुर्चीत बसलेलं पाहून त्यांनी एकदा तरी 'बरं केलंस' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

वडिलांचं बोट गाडीची किंमत, विमा, रस्ता कर, नोंदणी असं उतरत खोडलेल्या ओळीवर थांबलं.

"हँडलिंग चार्जेस," त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. "हे कसले?"

गोदामातून गाडी आणायची, धुवायची, पुसायची, त्याचे, असं त्याने हसत सांगितलं. मग आवाज खाली आणून, हे सगळं किमतीतच धरलेलं असतं, ही आपली वरची मलई, असंही बोलून गेला. घरच्यांपासून काय लपवायचं, ही त्याची समजूत. तीच त्याला भोवली.

वडिलांनी ती ओळ बोटाने पुन्हा एकदा गिरवली.

"नर्सबाईंच्या कागदावर ही ओळ होती?"

शेजारच्या नर्सबाईंना वडिलांनीच त्याच्याकडे पाठवलं होतं. माझा मुलगा आहे तिथे, डोळे मिटून सही करा, असं सांगून. आजारी नवऱ्याला उपचारांना न्यायला-आणायला बाईंनी गेल्याच महिन्यात गाडी घेतली होती.

होती, तो पुटपुटला.

"त्या मला सांगत होत्या, तुमच्या मुलानं किती नीट समजावलं. एक खर्च सरकारी आहे म्हणाला, त्याला नाइलाज आहे." वडिलांनी चष्मा काढला. "सरकारी खर्च तुला पेनानं खोडता येतो?"

तो सारवासारव करू लागला. इथे सगळे असंच सांगतात, साहेबांचं तसं फर्मान आहे. ओळ खोडली तर रक्कम आमच्याच पगारातून कापतात, म्हणजे तुमच्यासाठी मी पदरचे घालतोय. शेवटी, बाईंचे पैसे उद्याच परत करतो, असंही म्हणून झालं.

"ते तू करशीलच," वडील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली. "पण रोज त्यांच्या दारावरून मला जायचंय. त्यांनी भरले तेवढे मीही भरणार."

ते उठले. पलीकडच्या टेबलाशी नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी फायली लावत बसली होती. माझी गाडी तुम्ही द्याल का, असं त्यांनी तिला विचारलं. तिने गोंधळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मानेनेच होकार दिला.

नवं कोटेशन छापून आलं. एकेक ओळ दाखवत ती पाचवीपाशी पोहोचली, शिकवल्याप्रमाणे जराशी थांबली आणि म्हणाली,

"काका, हा जो खर्च आहे ना, तो..."

"राहू द्या," वडील पेन उघडत म्हणाले. "माझ्या मुलानं समजावलंय."