पन्हळीतला बोळा

मला खोटं बोलता येत नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना ऐकवत आले. तोंडाची फटकळ आहे मी, शाळेतल्या बारक्या पोरांनाही ते माहीत आहे. पण त्या दिवशी दहा मिनिटं माझी वाचा बसली. त्या दहा मिनिटांत काय झालं ते सांगते. कोणी विचारलेलं नाही, मलाच सांगायचंय.

मी या शाळेची मावशी. घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे, पडलेल्या पोराचा गुडघा धुवायचा, आणि वादळाचे दिवस जवळ आले की पन्हळी साफ करायच्या. पन्हळीचं काम खरं तर माझ्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा मोठे सर म्हणाले, "मावशी, आता बाहेरून माणूस बघू." मी म्हटलं, "बघा की. तोवर मी चढते." ते 'तोवर' बावीस वर्षं चाललं.

आमच्या हॉलचं छप्पर ज्यानं आखलं, तो मला एकदा भेटायला हवा होता. दोन्ही बाजूंचे पत्रे एकमेकांकडे उतरते, आणि सगळं पाणी मधोमध एकाच पन्हळीत. पन्हळ एवढी रुंद की माणूस आत आडवा झोपेल. आणि त्या पाण्याला बाहेर पडायला तोंड किती, तर एक. मागच्या टोकाला, घागरीच्या तोंडाएवढं. ते तुंबलं की पाणी पत्र्याखालून आत शिरणार आणि हॉलच्या पांढऱ्या सीलिंगवर साठणार. सीलिंगच्या खाली पोरं. दुसरं तोंड पाडा, दुसरं तोंड पाडा, म्हणून मी घसा कोरडा केला. मोठे सर अर्ज लिहायचे, अर्ज वर जायचा आणि वरच राहायचा. त्यापेक्षा पाणी बरं, ते निदान खाली तरी येतं.

नवऱ्याची एक पद्धत होती. नुसता पाला काढून भागत नाही, सांधे पाझरतात का तेही बघावं लागतं. त्यासाठी पन्हळीच्या तोंडात बोळा ठोकायचा. त्याचाच एक जुना स्वेटर, गोणपाटात गुंडाळून घट्ट केलेला. मग नळी लावून चार बोटं पाणी भरायचं, पाण्याच्या कडेला खडूनं रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. पाणी रेघेच्या खाली गेलं असेल तर कुठला तरी सांधा गेलाय. आणि जोवर बोळा आत, तोवर डाव्या मनगटाला सुतळी बांधलेली. अंघोळीला सोडायची नाही, झोपताना सोडायची नाही. बोळा बाहेर आला की मगच सुतळी सोडायची. "डोक्याचा काय भरवसा," म्हणायचा, "मनगट विसरत नाही." मी हसायचे त्याला. तो गेल्यावर मीच बांधायला लागले.

बुधवारी मी बोळा ठोकला, पाणी भरलं, रेघ मारली, सुतळी बांधली. सगळं रीतसर. उतरताना पत्र्याची कड डाव्या तळहातात घुसली आणि भळाभळा रक्त यायला लागलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मावशी, हे काय मळकट बांधून ठेवलंय?" आणि मी 'अगं अगं' म्हणेपर्यंत तिनं कात्रीनं सुतळी कापून टोपलीत टाकली. मी भांडणार होते तिच्याशी. पण तेवढ्यात सुई आत गेली आणि माझं सगळं लक्ष सुईकडे गेलं. सहा टाके पडले. वर मनगटापर्यंत ही जाड पट्टी.

माझी एकुलती एक लेक याच शाळेत पहिलीला शिकवते. ती धापा टाकत दवाखान्यात आली आणि सगळ्यांदेखत मला झापायला लागली. "वय काय, करतेस काय! परत वर चढलीस तर माझी शपथ आहे तुला."

"सुटली म्हण," मी म्हटलं. शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, हे मीच तिला लहानपणी शिकवलेलं.

"नाही म्हणणार. बस आता."

गुरुवारी, शुक्रवारी मी तापानं फणफणले. पुढं दोन दिवस शाळा बंद. मनगटाला पट्टी होती, सुतळी नव्हती, आणि बोळा माझ्या डोक्यातून असा गेला, जणू मी तो कधी ठोकलाच नव्हता. वर पन्हळीत चार बोटं पाणी गुपचूप बसून होतं.

वादळ सोमवारी रात्री यायचं होतं. आलं सकाळी अकराला, पोरं शाळेत असताना. वर्गांवर स्लॅब आहे, पण खिडक्या काचेच्या. हॉलला नुसते वरचे झरोके. म्हणून वादळात सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचं, असा आमच्याकडे नियम. एकशे चाळीस पोरं आत घेतली. मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, पन्हळ?"

"चकाचक!" मी म्हटलं. "एक पान सापडलं तर नाव बदलेन."

पान नव्हतंच.

मागच्या दाराची कडी बघायला गेले. तिथं कोपऱ्यात पन्हळीचा पाइप खाली उतरतो. वर्गांचे चारही पाइप धो धो ओकत होते. हा कोरडा. मी त्याच्यावर एक थाप मारली, जणू त्याला झोप लागलीय. मग सवयीनं डावं मनगट बघितलं. पट्टी होती.

आई गं! बोळा आतच राहिला होता.

आता पुढं काय करायचं ते शेंबड्या पोरालाही कळेल. हॉलमध्ये पळायचं आणि बोंबलायचं. मी तसं केलं नाही. मनात म्हटलं, कोणाला कळायच्या आत काढून टाकते. बावीस वर्षं मी या शाळेत एकाची चूक सोडली नव्हती. प्लंबरला धारेवर धरलं, शिक्षकांना टोमणे मारले, मोठ्या सरांनासुद्धा दोनदा ऐकवलं. आता त्याच सगळ्यांसमोर जाऊन काय सांगू? लाज वाटली मला. दुसरं काही नाही. लाज.

वर जायला हॉलच्या बाजूच्या दाराशेजारी भिंतीत लोखंडी गज ठोकलेले आहेत. दार अर्धं उघडं होतं. आत लेक तिच्या पिल्लावळीला गोल बसवून टाळ्या वाजवायला लावत होती. मी मान खाली घातली आणि दारासमोरून पुढं गेले. तिची शपथ आठवली. नंतर बघू म्हटलं.

वर वारा उभं राहू देईना. पोटावर सरपटत गेले. पन्हळ काठोकाठ भरलेली, आणि एका बाजूनं पाणी पत्र्याखाली आत जात होतं, अगदी शांतपणे. तोंडापाशी पोचले आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. बोळा लागला हाताला. फुगून दगड झालेला, वर एवढ्या पाण्याचं वजन. उजव्या हातानं ओढला, हलेना. डाव्या हाताची बोटं पट्टीत वळेनात. "निघ रे मेल्या, निघ!" नवऱ्याला शिव्या घातल्या, नर्सला घातल्या, स्वतःला तर काय काय घातल्या. गोणपाटाची एक चिंधी हातात आली, बस. खाली जाऊन सांगावं असं दर खेपेला वाटायचं, आणि दर खेपेला म्हणायचे, आता एकदाच ओढून बघते. मी घंटा वाजवणारी बाई आहे, मिनिटं मला घड्याळाशिवाय कळतात. तशी दहा गेली.

मग मात्र उतरले, पडतझडत, आणि हॉलमध्ये घुसले. सीलिंग मधोमध पोटासारखं फुगलं होतं. खाली पोरं टाळ्या वाजवत होती.

"सर, पोरांना बाहेर काढा! वर्गात न्या!"

"मावशी, वर्गात काचा आहेत. नियम तुम्हाला माहितीये."

"अहो सर, सीलिंग येतंय खाली!"

"आत्ताच तर म्हणालात पन्हळ चकाचक आहे!"

"बोळा ठोकलाय तिच्यात. मीच ठोकलाय. काढायला विसरले मी."

एकशे चाळीस पोरांसमोर, सगळ्या शिक्षकांसमोर, माझ्या लेकीसमोर बोलले. एवढेच शब्द होते. दहा मिनिटांपूर्वीही एवढेच लागले असते.

सरांनी वर बघितलं आणि पुढं एक प्रश्न विचारला नाही, हे त्यांचं मोठेपण. "उठा! दप्तरं राहू द्या! चला!" दाराजवळचे मोठे वर्ग आधी निघाले. पहिलीची पोरं मधोमध, ती शेवटी. लेक एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजत होती. दारात मोजणी एकानं कमी भरली. एक चिमुरडी बूट आणायला परत आत पळाली होती. लेक तिच्यामागं गेली. वरून करकर आवाज आला. लेकीनं त्या पोरीला असं काही ढकललं की ती थेट माझ्या पायांवर येऊन आदळली.

लेक आली नाही. अर्धं सीलिंग आलं.

सीलिंगचा लोखंडी सांगाडा आणि भिजलेले बोर्ड तिच्या कमरेपासून खाली अंगावर. डोकं आणि हात मोकळे. मोठे सर आणि दोन शिक्षक सांगाडा उचलायला बघत होते, तो जागचा हलेना. वरून पाणी पडतच होतं, आणि उरलेलं अर्धं सीलिंग बरोबर तिच्या डोक्यावर, इंच इंच खाली येत. मी तिच्या शेजारी चिखलात बसले होते. मला काही सुचत नव्हतं. तिच्या केसांतलं पाणी पुसत होते, जणू तेवढं पुसलं की झालं.

तिनं माझा डावा हात धरला आणि मनगट चाचपलं. "आई, सुतळी?"

"नर्सनं कापली गं."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "बोळा आतच आहे ना अजून? जा, काढ."

"तुला टाकून? मी नाही जायची."

"आई, पाणी थांबलं नाही तर हे पण पडेल माझ्यावर. आणि सरांवर."

"तू शपथ घातलीयेस मला." काय बोलत होते मी, मला तरी कुठं कळत होतं! पण मघाशी तिची शपथ मोडून चढले आणि हे समोर दिसत होतं.

"सुटली!" ती ओरडली. "सुटली म्हटलं ना! जा आता, जा!"

गेले. कशी चढले ते आठवत नाही. पट्टी दातांनी ओढून काढली, दोन्ही हात पाण्यात घातले, पाय पन्हळीच्या कडेला रोवले आणि ओढलं. टाके उसवले ते कळलं. आधी स्वेटरची बाही हातात आली, मग बाकीचा स्वेटर. पन्हळ गुरगुरली आणि सगळं पाणी त्या एका तोंडातून खाली धावलं. मी तो स्वेटर उराशी धरून पावसात तशीच पडून राहिले. मोठ्यानं रडले. ऐकायला कोणी नव्हतं.

उरलेलं सीलिंग पडलं नाही. वारा उतरल्यावर दुपारी माणसं आली, सांगाडा कापला. लेक वाचली. तिचा उजवा पाय वाचला नाही.

चौकशी झाली, मी सगळं सांगितलं, दहा मिनिटांसकट. मला कामावरून काढलं. बरोबर केलं. पन्हळीला आता दुसरं तोंड पाडलंय, अर्ज एकदाचा खाली आला म्हणायचा. आयाबाया येऊन माझे हात धरतात, "मावशी, तुमच्यामुळे आमची पोरं वाचली," म्हणतात. मी हात काढून घेते.

लेकीशी मात्र मी त्या दहा मिनिटांबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. महिन्यानंतर एकदा तिचं डोकं विंचरत होते. पाठमोरी होती म्हणून धीर झाला. म्हटलं, "मी आधी तुमच्याकडे यायला हवं होतं गं. आधी वर गेले. लाज वाटली मला."

"माहितीये," ती म्हणाली. "दारातून बघितलं मी तुला. गजांकडे जात होतीस."

माझा हात थांबला. "मग हाक का नाही मारलीस?"

"तेव्हा माझ्या हातावर वरून एक थेंब पडला होता, आई. मी सरांना सांगायला उठले होते. पोरंही घाबरली होती. तेवढ्यात तू दिसलीस, म्हणून परत बसले. पोरांना म्हटलं, घाबरू नका रे, वाजवत राहा टाळ्या. माझी आई वर गेलीये."