शेगडीच्या रकान्यात शून्य

आमच्या दिग्रसमध्ये पायपाचा गॅस आला, तेव्हा माह्या पोरानं, आसिमनं, नागपुरातून फोन करून नवा मीटर बसवून घेतला. शेगडी किती जळली, गिझर किती चालला, हे मीटर वेगवेगळं ओळखते अन् सगळं त्याच्या मोबाईलवर दिसते. मी म्हटलं, बसव बाप्पा, तुह्या जिवाले बरं वाटते तर.

मग सुरू झालं. अम्मी, सकाळपासून शेगडी काहून नाही पेटली? अम्मी, गिझर इतका वेळ काहून चालू होता? अरे, मायच्या न्हाणीत तुले कायले डोकवाचं हाय? डोकंच फिरलं माहं.

त्या साली बोंडअळीनं शेजारच्या विमलताईची कपाशी साफ खाल्ली. उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग तिच्या अंगणात पडला होता. त्याच सरपणावर ती चूल पेटवे अन् भाकरी थापे. मी भाजी चिरून तिच्याकडेच जाऊन शिजवत होती. पीक गेल्यापासून तिच्या घशाखाली एकटीनं घास उतरत नव्हता, अन् खरं सांगू तर माह्याही.

एका इतवारी आसिम गाडी घेऊन दारात हजर. मोबाईल माह्या तोंडापुढं धरला. शेगडीच्या रकान्यात शून्य.

"तू जेवतच नाहीस अम्मी. नागपूरले चाल आता. घराले गिऱ्हाईक पाहून ठेवलं हाय मी."

याच घरात शिलाई मशीन चालवून मी याले शिकवलं, अन् हा मले न विचारता गिऱ्हाईक पाहून राह्यला. मी त्याले विमलताईच्या अंगणात नेलं अन् चुलीपुढं बसवलं. तिनं भाकरी वाढली, मी वांग्याची भाजी. पोरगा बोटं चाटून जेवला. तरी म्हणते कसा, "पण तिथं तू नजरेसमोर राहशील."

"तुह्या घरीही असाच मीटर हाय ना? दाखव."

तो टाळत होता. मी मोबाईल ओढूनच घेतला. आज शेगडी शून्य. काल शून्य. परवाही शून्य.

"तू अन् फिजा सूनबाई काय खाऊन राह्यले रे?"

"दोघंही नोकरीत, अम्मी. ज्याले जसा वेळ मिळंल तसं बाहेरून मागवतो."

"मग मी तिथं कोनासोबत जेवू?"

विमलताईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"लाव फोन त्या गिऱ्हाइकाले," मी म्हटलं. "माह्यासमोर."

त्यानं लावला. "भाऊ, घर विकाचं नाही," हळूच बोलला.

"मालकीण नाही म्हणते, असं सांग."

त्यानं तसंच सांगितलं.