चार चौकोन आणि एक खडा

कारखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. दगड घासणारे आम्ही सगळे, बायकापोरांसकट. मधे खुर्चीवर श्वासबाबा. हातात काळा खडा, दोऱ्यात ओवलेला.

"माझा खडा घातलेल्यांत आजारी किती? बोटांवर मोजा!" बाबा गरजतो. "न घातलेल्यांत? अर्धे खाटेवर! धूळ माझ्या खड्याला घाबरते! पण तोंडाला मास्क बांधलात, की खडा रुसतो."

रुसतो म्हणे. नवा जावईच जसा.

पण हिशेब खरा होता. आम्हीच मोजला होता. म्हणून तर वहिनीनं गेल्या वर्षी दादाच्या गळ्यात खडा बांधला आणि मास्क काढून घेतला. दादा तेव्हापासून खोकतोय. "विष बाहेर पडतंय," म्हणाला बाबा.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "बाबा, हिशेब मान्य. फक्त माणसं जरा वेगळी उभी करू." त्यांनी चुन्यानं जमिनीवर चार चौकोन आखले: कोण कुठल्या शेडमध्ये घासतो आणि गळ्यात खडा आहे की नाही, त्याप्रमाणे. "एका दमात 'आ' म्हणायचं. दम संपला की खाली बसायचं."

"बाई, दवाखाना की गाण्याचा क्लास?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

ओली शेड. खडा आहे.

चौकोन खच्चून भरला. बाबाची खुर्ची रोज याच शेडच्या दारात असते. इथं दगड घासायच्या चाकावर पाणी पडतं, धूळ उडत नाही. 'आ' लांबतच गेला.

ओली शेड. खडा नाही.

मी इथला. थोडेच आहोत. आमचाही 'आ' तेवढाच लांबला. बाबाची चुळबुळ.

कोरडी शेड. खडा नाही.

मोठी गर्दी. पाणी नाही, नुसती धूळ. पण बहुतेकांना मास्क. 'आ' विरत गेला, माणसं एकेक करून बसली.

कोरडी शेड. खडा आहे.

मोजकी माणसं. पुढे दादा. मास्क एकालाही नाही.

आ

बसले. सगळा चौकोनच बसला.

आता कुणी हसलं नाही.

"वाचवलं पाण्यानं, नाव झालं खड्याचं," बाई म्हणाल्या. "जिथं धूळ नाही, तिथं खडा घाला नाहीतर घालू नका, सारखंच. जिथं धूळ आहे, तिथं खड्यानं मास्क काढायला लावला. दोन्ही शेडची माणसं एकत्र मोजलीत, म्हणून हे दिसलं नाही."

"यांची श्रद्धा कमी पडली!" बाबा उठत म्हणाला.

"मग या की," दादा बसल्या जागेवरून, धापा टाकत. "कोरड्या शेडमध्ये. चाकापुढे. दोन खडे घाला."

बाबा फाटकाकडे सटकला. दादानं दोरा तोडला. "माझा मास्क कुठाय गं?"

वहिनीला मान वर करवेना. "गरम भांडी उतरवायला घेतला मी."

मग ती बाईंकडे वळली. "छाती पहिल्यासारखी होईल ना यांची?"

"नाही. उरलीय ती राखायची. त्या शेडमध्ये आजपासून पाऊल टाकायचं नाही."

चमत्काराचा आकडा खराही असू शकतो. म्हणून कुणी तो तुमच्यापुढे नाचवला, तर आधी विचारा: वाचलेली माणसं उभी कुठं होती? तिथं आणखी काय होतं? आणि खड्यासाठी त्यांना काय सोडायला लावलं?

आम्ही विचारलं नाही. दादा आता घरीच असतो. दोन शब्दांच्या मधे थांबतो, आणि आम्ही सगळे थांबतो.