पुलावरचं सुपडं

प्रणालीच्या सायकलीच्या मागच्या चाकात बत्तीस स्पोक होते, त्यांतला एक वाकडा. वारा त्यांत घोळू नये म्हणून तिनं जुन्या जाहिरात-फलकाच्या पातळ प्लास्टिकच्या दोन चकत्या कापून चोवीस पट्ट्यांनी चाकाला बांधल्या होत्या.

अमरावतीच्या क्लबच्या ट्रायथलॉन रिले संघात सायकलवाल्याची जागा एकच होती.

"अवं, हे सुपडं घेऊन येतं का तू?" कप्तान श्याम हसला. "माह्यासारखी कार्बनची चाकं घे, मंग तुयं नाव टाकतो."

"तेवढ्या पैशात आमच्या घरी म्हैस येते, श्यामभाऊ. नाई घेत. उद्या तुमची चाकं द्या मले. सायकल माही, बसणार मीच. पुलावरून सोडायची, पायडल मारायचं नाई. पाच-पाच खेपा. सरासरीत लांब जाईन ते चाक खरं."

"अन् तू हारली तं?"

"तं नाव नका टाकू."

सकाळी दर्यापूर रस्त्यावरच्या पुलावर पानही हलत नव्हतं. दोन्हीकडे टायर सारखे, हवाही सारखीच. सायकल थांबेल तिथं श्याम स्वतः चुन्याची रेघ मारत होता. पहिल्या खेपेला कार्बन पुढं गेलं, तसा तो चाकं सोडवायला लागला.

"झालं ना!"

"पाच ठरल्या होत्या, भाऊ," प्रणाली म्हणाली आणि सायकल ढकलत पुन्हा पूल चढली.

शेवटच्या रेघेला श्यामनं टेप दोनदा लावून पाहिली.

पाच खेपांची सरासरी: कार्बनची चाकं ३२७ मीटर, सुपडं ३३१ मीटर.